ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना शाळेत पुन्हा रुळवताना: शाळा आणि गावासाठी कामाचा क्रम

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते आणि पहिलीत आलेल्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक निघते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील गावांत मात्र त्या मिरवणुकीकडे ओट्यावरून नुसते पाहत राहणारी काही मुले असतात. ती शाळेत नवी नसतात, पण मागच्या दिवाळीनंतर त्यांनी वर्गात पाऊल टाकलेले नसते. आईवडील ‘कोयता’ घेऊन ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर किंवा कर्नाटकातील बेळगावच्या पट्ट्यात गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली. पाडव्याच्या आगेमागे गावी परतली तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती किंवा संपलीही होती. मग सुट्टी लागली आणि कोणी विचारलेच नाही.

या मुलांना शाळेत परत रुळवण्याचे काम कोणी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे, ते या लेखात सांगितले आहे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि ज्या आजी-आजोबांच्या भरवशावर मूल गावात राहते ते, अशा सगळ्यांसाठी तो लिहिला आहे. प्रवेशोत्सव जरूर करावा, पण परतलेल्या मुलाचे काम जूनमध्ये सुरू करणे म्हणजे पेरणी आटोपल्यावर बियाणे शोधायला निघण्यासारखे आहे. हे काम दसऱ्याच्या आधी सुरू होते, एप्रिलमध्ये ते सर्वांत नाजूक असते आणि जून-जुलैत त्याचा कस लागतो.

कायद्याने शाळेच्या हाती काय दिले आहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील चार-पाच तरतुदी शिक्षकाला आणि पालकाला तोंडपाठ असल्या, तर निम्मे अडथळे जागच्या जागी सुटतात. कलम ४ प्रमाणे शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क मिळतो, आणि वय चौदाच्या पुढे गेले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच राहते. कलम ५ प्रमाणे मूल दुसऱ्या शाळेत जात असेल, तर मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून, आणि कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत संपली म्हणून, मुलाला परत पाठवता येत नाही. कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर अनेक कर्तव्ये सोपवते, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची खातरजमा करणे हे त्यांपैकी एक म्हणून नाव घेऊन लिहिलेले आहे.

आधार कार्डाविषयी बराच गोंधळ असतो. आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आधार नोंद असली तर पुढची कामे सोपी होतात हे खरे, परंतु ती नोंद मूल वर्गात बसल्यावर करावयाची असते. तिच्यासाठी मुलाला दारात थांबवून ठेवायचे नसते.

पहिले काम: जाणाऱ्यांची यादी, घटस्थापनेच्या सुमारास

कारखान्यांचे गाळप ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते, पण मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) त्याच्या बरीच आधी घेतलेली असते. म्हणजे कोणते कुटुंब जाणार हे गावाला महिना-दोन महिने अगोदर ठाऊक असते. शाळेने ही माहिती कागदावर आणावयाची आहे. प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबासाठी एक ओळ पुरते: मुलाचे नाव व इयत्ता, टोळी कोणत्या मुकादमाची, कोणत्या कारखान्याकडे आणि कोणत्या तालुक्यात जाणार, आईवडिलांपैकी एकाचा आणि गावात मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाचा भ्रमणध्वनी क्रमांक, आणि मुलाचे काय करावयाचे ठरले आहे ते. वर्गात उभे करून मुलांना ही माहिती विचारू नये. पालकांची भेट घेऊन विचारावी, कारण मुलाचे उत्तर बहुधा घरी जे बोलले जाते त्याचे अर्धवट पडसाद असतात, आणि चारचौघांत ‘आम्ही तोडीला जाणार’ असे सांगणे काही मुलांना अवघड वाटते.

यादी करताना बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलींच्या नावापुढे खूण करून ठेवावी. नवराबायको मिळून एक कोयता होतो आणि फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, दोघेही पहाटेपासून राबतात, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी आणणे आणि भाकरी करणे मोठ्या मुलीच्या वाट्याला येते. घरात लहान मूल असेल तर त्या मुलीचा शाळेत राहण्याचा प्रश्न त्या लहान मुलाच्या सोयीपासूनच सोडवावा लागतो. तिच्या शिक्षणाचे महत्त्व आईला कितीही समजावले, तरी तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय ते समजावणे वाऱ्यावर जाते.

दुसरे काम: मूल गावात राहणार की बरोबर जाणार

मूल गावातच राहणे केव्हाही चांगले, आणि त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला हंगामी वसतिगृहाचा. समग्र शिक्षा अभियानातून गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली ही व्यवस्था केली जाते. त्यात मुलाला सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते, दुपारचे जेवण शाळेत पोषण आहारातून होते, आणि अनेक गावांत मुले रात्री आजी-आजोबांकडेच झोपतात. या व्यवस्थेचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे कुटुंबे निघण्यापूर्वी पोहोचणे हीच कळीची गोष्ट आहे. कुटुंबे नोव्हेंबरमध्ये जातात आणि मंजुरी डिसेंबरच्या अखेरीस आली, तर तोवर मुले फडावर पोहोचलेली असतात. वसतिगृह कागदावर राहते आणि मुलांची नावे मात्र त्यात भरलेली दिसतात. अशा नावांची पडताळणी समितीने महिन्यातून एकदा जेवणाच्या वेळी स्वतः पंगतीला बसून करावी. यासाठी याहून चांगली तपासणी नाही.

दुसरा मार्ग मोठ्या वर्गांतील मुलांसाठी आहे. सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली असून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुका पातळीवर स्वतंत्र वसतिगृहे हा तिचा आराखडा आहे. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचाही पर्याय आहे. तिथे राहणे, जेवण आणि शिकणे एकाच ठिकाणी होते. या दोन्हींची चौकशी उन्हाळ्यातच करावी, कारण प्रवेशाचे अर्ज शाळा सुरू होताना भरले जातात आणि ऑक्टोबरमध्ये आठवण होऊन उपयोग होत नाही.

काही मुले तरीही बरोबर जातात. घरी सांभाळणारे कोणी नसते, किंवा आईचा जीव राहत नाही. त्या आईला दोष देऊ नये. अशा मुलाच्या हाती शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यावे. मुलाचे नाव, इयत्ता, शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी संगणक प्रणालीतील शाळेचा क्रमांक), जन्मतारीख, आतापर्यंतची हजेरी, वाचन आणि गणित कुठवर आले आहे याची दोन ओळींची नोंद, आणि वर्गशिक्षकाचा क्रमांक इतके त्यात स्पष्ट अक्षरांत असावे. त्याच्या तीन प्रती कराव्यात. एक पालकांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावी, एक शाळेत ठेवावी आणि एकीचे छायाचित्र पालकांच्या मोबाइलवर पाठवावे, कारण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पानांच्या) छपराखाली कागद फार दिवस टिकत नाही. या पत्रकाच्या आधारे फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेने मुलाला वर्गात बसवावे आणि परतताना त्याच पत्रकावर हजेरी व प्रगतीची नोंद करून द्यावी. पूर्वी कारखान्याच्या परिसरात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायद्यानंतर या मुलांना नियमित शाळेत बसवण्यावर भर आला. तत्त्व योग्य आहे, पण कोपीपासून शाळा तीन किलोमीटरवर असेल आणि मधे उसाच्या भरलेल्या ट्रॅक्टरांची वर्दळ असेल, तर पहिलीच्या मुलाला ते तत्त्व उचलून शाळेत नेत नाही. तिथल्या शाळेने आणि ग्रामपंचायतीने ने-आणीची सोय बघावी लागते.

या सर्व काळात गावातील शाळेने एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. मुलाचे नाव पटावरून कमी करू नये आणि पटावर नुसतीच गैरहजेरी मांडत बसू नये. ते मूल कुठे आहे हे शाळेला ठाऊक आहे. वर्गशिक्षकाने पंधरा दिवसांतून एकदा पालकांना फोन करावा, मुलाशी दोन मिनिटे बोलावे आणि यादीत तारीख टाकावी. एप्रिलमध्ये त्या मुलाला शाळेच्या दारात यावेसे वाटेल की नाही, ते बऱ्याच अंशी याच फोनवर ठरते.

तिसरे काम: परतल्यानंतरचे पहिले आठ दिवस

कारखाना बंद झाला की टोळ्या मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत परततात. गावात ट्रक आल्याचे सर्वांना लगेच कळते. त्या आठवड्यात शिक्षक आणि अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांनी जोडीने प्रत्येक घरी जावे. भेट संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी ठेवावी. सकाळी गेल्यास घरात कोणी सापडत नाही, कारण परतलेले कुटुंब घर शाकारणे, रेशनचे धान्य आणणे, मुकादमाचा हिशेब मिटवणे आणि घरात लग्न असेल तर त्याची धावपळ अशा अनेक कामांत असते. पहिल्या भेटीत ‘मूल इतके दिवस शाळेत का नव्हते’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत असते, आणि तो प्रश्न ऐकल्यावर पालक जूनपर्यंत शाळेकडे फिरकत नाहीत. त्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात: मूल तिकडे कोणत्या शाळेत बसले का, पत्रकावर नोंद आहे का, त्याची तब्येत कशी आहे, आणि कुटुंब पावसाळ्यापर्यंत गावातच राहणार की मधल्या काळात वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे मजुरीला जाणार.

मूल दुसऱ्याच दिवशी शाळेत आले पाहिजे, मग परीक्षेला आठ दिवस उरलेले असोत की परीक्षा होऊन गेलेली असो. ‘आता काय, जूनमध्येच या’ असे सहज म्हटले जाते. त्या एका वाक्याने शाळेच्या आणि मुलाच्या मधले अंतर आणखी दोन महिन्यांनी वाढते. शाळेत येऊन पोषण आहार खाल्ला, मित्रांबरोबर खेळले आणि फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले, तरी एप्रिलचे काम झाले असे समजावे.

त्याच आठवड्यात आणखी एक काम उरकावे, ज्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. गणवेशासाठी मापे घेतली जातात आणि पाठ्यपुस्तकांची मागणी पटानुसार नोंदवली जाते, तेव्हा ही मुले गावात नसतात. परिणामी जूनमध्ये सगळा वर्ग नव्या गणवेशात आणि हे मूल मागच्या वर्षीच्या आखूड विजारीत बसते. मापे एप्रिलमध्येच घ्यावीत आणि पुस्तकांच्या मागणीत त्यांचे नाव आहे ना, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे.

चौथे काम: तब्येत

फडावर मुले थंडीत उघड्यावर राहतात, पाचटात आणि कोयत्यांच्या आसपास खेळतात आणि अपुरे खातात. त्यामुळे परतल्यावर आरोग्य तपासणी ही शिक्षणाचीच पूर्वतयारी ठरते. आशाताई आणि आरोग्यसेविकेने काही गोष्टी नेमक्या पाहाव्यात. जंतनाशक दिनाची एक फेरी १० फेब्रुवारीला असते, नेमकी तेव्हा ही मुले बाहेर असतात, म्हणून ऑगस्टची फेरी त्यांच्याबाबतीत चुकता कामा नये. शाळेतून दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, म्हणजे पाच ते दहा वर्षांसाठी गुलाबी आणि त्यापुढील वयासाठी निळ्या, चार-पाच महिने मिळालेल्या नसतात. पाच ते सहा वर्षांच्या वयातील डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात, घटसर्प) लस राहिली आहे का, हे लसीकरण कार्डावरून तपासावे. दृष्टिदोष, कानाचा आजार, त्वचारोग किंवा जुनी जखम दिसल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मुलाचे नाव द्यावे. हे पथक शाळेत वर्षातून ठरावीक दिवशीच येत असल्याने आपल्या गावची तारीख प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधीच घेऊन ठेवावी. वर्गात मागे बसणारे आणि उत्तर न देणारे मूल अभ्यासात कच्चे असते असे नाही. अनेकदा त्याला फळा दिसत नसतो.

दिव्यांग मूल असेल तर गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कळवावे. ऊसतोडीच्या काळात त्याचे सराव आणि उपकरणे दोन्ही बंद पडलेली असतात.

पाचवे काम: कागद आणि संगणकावरील नोंद

हे काम कंटाळवाणे आहे, पण यातच मुले हरवतात. फडाजवळच्या शाळेने मुलाला आपल्याकडे ‘नवा प्रवेश’ म्हणून नोंदवले असेल, तर यू-डायस प्लस प्रणालीत त्याच्या दोन नोंदी होऊ शकतात किंवा गावच्या शाळेतील नोंद अडकून पडते. म्हणून मुलाचा कायम शैक्षणिक क्रमांक शिक्षण हमी पत्रकावर लिहिलेला असावा आणि परतल्यावर तो प्रणालीत शोधून मूल सध्या कोणत्या शाळेच्या नावावर दिसते हे पाहावे. दुसऱ्या शाळेच्या नावावर असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून नोंद मोकळी करून घ्यावी. नवी नोंद करणे सोपे असले तरी ते करू नये, कारण पुढे शिष्यवृत्ती आणि पुस्तके याच क्रमांकावर अवलंबून राहतात.

पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर आधारमधील बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करावी लागते. ती राहिली असल्यास मे महिन्यातच करून घ्यावी. जन्मदाखला नसेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. जातीचा दाखला, मुलाचे किंवा आईबरोबरचे संयुक्त बँक खाते आणि शिधापत्रिकेत मुलाचे नाव, या तिन्हींची तपासणी एकाच बैठकीत उरकते. शाळा व्यवस्थापन समितीने मे महिन्यात एक दिवस ठरवून ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि सेतू केंद्रचालकाला शाळेत बोलावले, तर पालकांच्या तालुक्याच्या चार फेऱ्या वाचतात. एका फेरीला एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते, हा हिशेब कार्यालयात बसलेल्यांना कोणीतरी सांगणे गरजेचे आहे.

सहावे काम: वर्ग कोणता आणि शिकवायचे कुठून

वयाला साजेसा वर्ग हा कायद्याचा नियम आहे. दहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही म्हणून दुसरीत बसवले, तर ते आठ दिवसांत शाळा सोडते. त्याला पाचवीतच बसवावे आणि विशेष प्रशिक्षण द्यावे. हे प्रशिक्षण किमान तीन महिने आणि गरजेनुसार जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत चालू शकते.

इथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आल्या. नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात थांबवता येते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. स्थलांतरित मुलासाठी पहिली परीक्षा बहुतेकदा परतण्याच्या गडबडीत किंवा त्याआधीच होते. म्हणून पाचवी आणि आठवीतील परतलेल्या प्रत्येक मुलासाठी मे महिन्यात रोज दोन तासांचे वर्ग आणि पुनर्परीक्षेची तारीख घरी जाऊन लेखी कळवणे, ही दोन कामे शाळेने सुट्टी असूनही करावीत. दोन पदवीधर तरुण किंवा गावातील बचतगटाची शिकलेली सदस्य यांच्या मदतीने हे वर्ग चावडीवर किंवा मंदिराच्या सभामंडपातही घेता येतात.

मूल कुठे आहे हे कळण्यासाठी लेखी परीक्षेची गरज नाही. एका मुलाला दहा मिनिटे जवळ बसवून अक्षरे, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे. जिथे ते अडखळते तिथून शिकवायला सुरुवात करावी. गणितातही संख्या ओळख, बेरीज, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार असाच क्रम ठेवावा. चाचणी एकट्याने आणि शांत जागी घ्यावी, बाकीचा वर्ग ऐकत असताना घेऊ नये. नंतर इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार गट करून रोज एक-दीड तास दिल्यास फरक काही आठवड्यांतच जाणवतो.

या मुलांच्या गणिताविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मोळ्या किती, एका गाडीत किती टन माल बसला, टनाला दर काय, उचलीतून किती फिटले, हे संवाद त्यांच्या कानांवर महिनोन्‌महिने पडत असतात. काही मुले मोळ्यांची मोजणी स्वतः करतात. ज्या मुलाला वहीवर तीन अंकी गुणाकार येत नाही, तेच मूल वीस मोळ्यांच्या सात खेपांचा हिशेब तोंडी सांगते. शिक्षकाने हा धागा धरला, तर वर्गातील इतर मुलांसमोर त्या मुलाला पहिल्यांदाच काही येत असल्याचे दिसते. त्याने पाहिलेल्या नदीचे, गावाचे, कारखान्याच्या चिमणीचे चित्र काढायला सांगावे आणि खाली चार ओळी लिहायला लावाव्यात. भाषेचा पहिला पाठ तिथूनच सुरू करावा. मात्र ‘हा तोडीवरचा’ अशी ओळख वर्गात रूढ होऊ देऊ नये, आणि त्याला कायम शेवटच्या रांगेत बसवू नये. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, आणि टोपणनावे त्याच छळात मोडतात.

सातवे काम: मोठ्या मुली

उन्हाळा हा परतण्याचा काळ आहे आणि तोच लगीनसराईचाही. कोयता जोडीने असतो, म्हणून मुलगी वयात आली की लग्न लावून नवा कोयता उभा करण्याचा दबाव कुटुंबावर येतो. सहावीनंतरच्या प्रत्येक परतलेल्या मुलीच्या घरी एप्रिल-मे मध्ये किमान दोनदा जाणे आवश्यक आहे, आणि तिथे महिला शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविकेने जावे. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम २००६ नुसार मुलीचे लग्नाचे किमान वय १८ आहे. ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत, तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या चाइल्डलाइनवर कोणीही माहिती देऊ शकते आणि माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्याची गरज नसते. पण केवळ कायद्याचा धाक दाखवून मुलगी शाळेत येत नाही. पुढची शाळा कुठे, ती कशाने जाणार आणि तिथे शौचालय आहे का, याची उत्तरे तिच्या आईला मिळाली तर लग्नाचा विचार मागे पडायला जागा राहते. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. त्यासाठीचा अर्ज शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यातच भरून देऊ शकते. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसाठी पात्र मुलींची नावेही त्याच वेळी काढून ठेवावीत.

आई किंवा वडील हयात नसलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. ऊसतोडीत अपघात आणि आजारपणाने एक पालक गमावलेली मुले गावोगाव असतात. त्यांची नावे अनेकदा शाळेलाच आधी कळतात, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे प्रस्ताव पाठवण्यात शाळेने पुढाकार घ्यावा.

आठवे काम: जून-जुलैतील राखण आणि तक्रार

शाळा उघडल्यावर पहिले सहा आठवडे परतलेल्या मुलांची वेगळी छोटी हजेरी ठेवावी. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी गेलेच पाहिजे. बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्यासाठी, काम करणारे शिक्षक ज्या केंद्रात (जवळच्या शाळांच्या गटात) आहेत, तिथे ही जबाबदारी वाटून घेता येते. पेरणीच्या दिवसांत मुले गुरे राखायला किंवा भावंडे सांभाळायला घरी राहतात. तेव्हा धाकट्याला अंगणवाडीत बसवण्याची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेतली की मोठी मोकळी होते. हा साधा जुळवाजुळवीचा मार्ग पुष्कळ ठिकाणी उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या पालकांत किमान एक-दोन ऊसतोड कुटुंबांतील असावेत. पण ते सहा महिने गावात नसणार, म्हणून त्यांची आई किंवा सासू यांना बैठकीला बोलावण्याची पद्धत पाडावी, कारण वास्तवात मुलाला वाढवणारी तीच असते. प्रवेश नाकारला, दाखल्यासाठी पैसे मागितले किंवा मुलाला वर्गाबाहेर ठेवले, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. तो मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रार लिहिता न येणाऱ्या पालकासाठी ती लिहून देणे आणि पोहोच घेऊन ठेवणे हे गावातल्या कोणत्याही शिकलेल्या माणसाला अर्ध्या तासाचे काम आहे.

ऑगस्टच्या अखेरीस परतलेल्या सर्व मुलांची पुन्हा एकदा वाचन चाचणी घ्यावी, एप्रिलच्या नोंदीशेजारी ती मांडावी आणि पालकांना बोलावून दोन्ही दाखवाव्यात. गणपती उठले की मुकादम गावात फिरू लागतात. त्यापूर्वी मागच्या वर्षीची यादी कपाटातून काढून टेबलावर ठेवावी, परतलेल्या मुलांच्या नावांसमोर आजची इयत्ता लिहावी, आणि या वर्षीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच आठवड्यात तालुक्याला पाठवावा.